परतीचं तिकीट नसलेली ऑनसाइट

आज कोडिंगला सुट्टी आणि थोडा इतिहास.

मी हिमायतनगरचा. (म्हातारी माणसं अजून वाढोणाच म्हणतात.) इंजिनिअरिंगला नांदेडला गेलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात वर्गातल्या सरदार मित्राला विचारलं, "पंजाबात तुझं गाव कुठलं?" तो शांतपणे म्हणाला, "हमारा गाव नांदेडच है." मला वाटलं, टाळतोय.

टाळत नव्हता. १७०८ साली गुरू गोविंदसिंगजींचं निर्वाण नांदेडला झालं, हे आपण शाळेत शिकतो. पुढचं कोणी सांगत नाही. १८३० च्या दशकात निजामाचा मंत्री राजा चंदूलाल याला महसूल वसुलीसाठी आणि बंदोबस्तासाठी भरवशाची माणसं हवी होती. महाराजा रणजितसिंगांनी लाहोरहून शीख फौज पाठवली. आमच्या भाषेत, ऑनसाइट! गुरुद्वाऱ्याचं बांधकामही त्याच काळातलं, १८३२ ते १८३७.

पण १८४९ ला इंग्रजांनी पंजाब घेतला, म्हणजे पाठवणारी कंपनीच बंद. १९४८ ला निजामाचं राज्य गेलं, म्हणजे क्लायंटही बंद. माणसं मात्र इथंच राहिली. बऱ्याच जणांनी इथल्याच मुलींशी लग्नं केली. लोक त्यांना दख्खनी शीख म्हणू लागले. हुजूर साहिबच्या प्रथाही वेगळ्या झाल्या: इथं गुरू ग्रंथ साहिबसोबत दसम ग्रंथही असतो, दसऱ्याला हल्लाबोल निघतो.

जगात हे सगळीकडं चालतं. जपाननं २००८ पासून इंडोनेशियातून नर्सेस बोलावल्या. अट अशी की तीन वर्षांत जपानी भाषेतून परीक्षा पास व्हा, नाहीतर परत जा. बोलावणारा मुदत ठरवून बोलावतो. पण त्या मुदतीत भाषा जिभेवर बसते, पोरं शाळेत जायला लागतात, त्याचं काय?

आज मी बंगलोरला आहे. घर बघायला गेलो की पहिला प्रश्न, "नेटिव्ह कुठलं?" सहा वर्षं झाली तरी ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचंच. परवा हा प्रश्न ऐकताना तो मित्र आठवला. होस्टेलवर मीही तेच केलं होतं की! त्याच्या घराण्याची पावणेदोनशे वर्षं मी एका प्रश्नात पुसली होती.

आणि उत्तर तर त्यानं तेव्हाच दिलं होतं. "नांदेडच" मधला तो 'च' दख्खनीत मराठीतूनच आलाय. पंजाबीत तो नाही.

सॉरी रे सरदारा. उशीरच झाला.