मांडवातील मान

आपल्या पणजोबांच्या काळी लग्नाला 'कार्य' म्हणत. आज हा शब्द मागे पडत चालला असला, तरी तो मोठा अन्वर्थक होता. मांडवात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला तेथे काही ना काही करावयाचे असे. नुसते पाहावयास कोणी येत नसे. आबालवृद्धांना रमविणारे लग्न कसे योजावे, हा प्रश्न आज घरोघरी पडतो. श्रोतेहो, त्याचे उत्तर शोधताना ह्या जुन्या कार्याची घडण तपासून पाहणे उपयोगी होईल.

पेशवाईतील गाजलेले लग्न म्हणजे सवाई माधवरावांचे. ते १७८३ साली पुण्यात झाले. इंग्रजांशी झालेले युद्ध सालबाईच्या तहाने नुकतेच मिटले होते, आणि कारभाराची सूत्रे नाना फडणविसांच्या हाती होती. नानांसारखा हिशेबी पुरुष व्यवस्थेला बसला म्हणजे काय होते, हे त्या लग्नाच्या तयारीविषयीच्या कागदांत दिसते. एवढ्या समुदायात प्रत्येकाची बडदास्त त्याच्या योग्यतेप्रमाणे राखावयाची, तर कामाची वाटणी आधी कागदावर उतरावी लागते.

सामान्य गृहस्थाच्या घरी असा कारकून कोठला? तेथे विधी हीच याद असे. मुहूर्तमेढ आणि देवक वडीलधाऱ्यांचे. घाणा भरणे, हळद, जात्यावरच्या ओव्या आणि पंगतीत विहिणींची गाणी हे सुवासिनींचे. नवरीला बोहल्यावर आणावयाची ती मामाने. नवरदेवाचा कान पिळावयाचा तो नवरीच्या भावाने; मग तो चार वर्षांचा का असेना! करा घेऊन मिरवावयाचे ते करवलीने. आजीसाठी आजेचीर निराळे. अक्षता टाकावयास तर वयाची अटच नाही. ज्याला दुसरे काही येत नसे, त्याने पंगतीत पाणी वाढावे. अशा रीतीने चार-पाच दिवस जो तो गुंतलेला राही. ह्या मानापानातून रुसवेफुगवे होत, व्याही अडून बसत, वधूपित्याला कर्ज होई, हेही खरेच. परंतु 'आपल्याला कोणी विचारले नाही' असे म्हणण्याची पाळी लहानथोरांवर सहसा येत नसे.

मग ते लग्न खरोखर सर्वांच्या आनंदाचे होते काय? येथे इतिहासाला थोडे थांबावे लागते. १७८३ सालच्या त्या थाटाच्या लग्नातील नवरदेवाने वयाची नऊ वर्षेही पुरी केली नव्हती. मामाने नवरीला आणावयाचे, ते पुष्कळदा उचलूनच आणावे लागे, कारण ती कडेवर बसण्याच्याच वयाची असे. मुठीतली सुपारी सोडविणे, तोंडात धरलेला विडा तोडणे, हे खेळ आज आपण कौतुकाने करतो. एकमेकांना अनोळखी असलेली दोन मुले त्यामुळे थोडी सैलावत असतील. सारा मांडव रमत होता, तो ह्या दोघांच्या बालपणाच्या मोलाने. आणि त्याच घरात, माजघराच्या काळोखात, आणखी एक व्यक्ती बसलेली असे. पहाटेपासून भाज्या चिरण्यास ती चाले, पण वधूवरांस ओवाळण्यास ती चालत नसे. ती त्या घरातील विधवा आत्या किंवा मावशी. वाटणीत काम तिच्याकडे होते, मान मात्र नव्हता.

बालविवाहाला आवर घालण्याचे मोठे पाऊल आपल्याच एका मराठी दरबाराने उचलले, याचा बडोद्याच्या वाचकांस अभिमान वाटावा. सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात १९०४ साली बालविवाह प्रतिबंधाचा कायदा झाला. ब्रिटिश हिंदुस्थानात सारडा कायदा १९२९ साली संमत होऊन १९३० च्या एप्रिलपासून अमलात आला. त्याने मुलीचे वय चौदा आणि मुलाचे अठरा ठरविले. १९७८ च्या दुरुस्तीने त्या मर्यादा अठरा आणि एकवीस झाल्या. बोहल्यावर आता जाणती माणसे उभी राहू लागली. दुसरीकडे नोकरीतील रजा, शहरातील अपुरी जागा आणि १९४३ पासून मुंबईसारख्या शहरांत आलेले रेशनिंग यांनी चार दिवसांचे कार्य एका दिवसावर आणले. ह्यात खर्च वाचला, पण कामांची वाटणीही गेली. ती आता कार्यालयाच्या व्यवस्थापकाकडे असते. पाहुणा खुर्चीवर बसतो, रांगेत उभा राहून अहेराचे पाकीट देतो, ताट हाती घेऊन जेवतो आणि निघतो. आजोबांना ध्वनिवर्धकाच्या गोंगाटात शेजाऱ्याचा शब्द ऐकू येत नाही, आणि मुले जिन्यावर पळापळ करतात.

तेव्हा जुन्यातले घ्यावयाचे काय, हे ठरविणे कठीण नाही. चार दिवस परत येणार नाहीत आणि येऊही नयेत. परंतु वाटणी परत आणता येते. पाहुण्यांची यादी करताना प्रत्येक नावापुढे अहेर लिहितो, तसे एखादे छोटे काम लिहावे. मुलांच्या हाती अक्षतांची तबके द्यावी आणि त्यांची पंगत आधी बसवावी. आजीला चार जुन्या ओव्या म्हणावयास सांगाव्या. तेवढा वेळ ध्वनिवर्धक बंद राहिला तर कोणाचे काही बिघडत नाही. वृद्धांच्या खुर्च्या बोहल्याजवळ आणि वाऱ्याशी असाव्या.

आणि माजघरातल्या त्या आत्याला बाहेर बोलवावे. कुंकवाचे तबक तिच्या हाती देऊन पहिले औक्षण तिच्याकडून करवावे. नानांच्या काळात ह्या मानाला यादीत जागा नव्हती. आपल्या यादीत ती पहिली असावी.