चाइल्ड थीम : मूळ थीमला हात न लावता फेरबदल

वर्डप्रेसवर उभारलेल्या संकेतस्थळाचे बाह्यरूप ‘थीम’ या फायलींच्या संचावर अवलंबून असते. मजकूर डेटाबेसमध्ये राहतो. तो पडद्यावर कसा मांडायचा, हे थीम ठरवते. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या या प्रणालीत थीमची व्यवस्था २००५ मधील १.५ या आवृत्तीपासून आली.

तयार थीम बहुधा रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून रचलेली असते. मथळ्यातील अक्षरांमध्ये थोडे अधिक अंतर सोडण्याची इंग्रजी मांडणीतली पद्धत देवनागरीला लागू झाली, की शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटल्यासारखा दिसतो. ओळी दाटीने बसवल्या असतील, तर वेलांट्या-मात्रा वरच्या ओळीतील उकारांना भिडतात. उपाय जेमतेम दोन ओळींचा असतो. म्हणून संकेतस्थळ सांभाळणारा तो थेट थीमच्या फायलीत करून मोकळा होतो. पुढे थीमची नवी आवृत्ती येते, जुन्या फायलींची जागा नव्या फायली घेतात आणि दुरुस्ती नाहीशी होते. असा अनुभव एकदा आला, की माणूस पुढचे अपडेट टाळू लागतो. खरा धोका तेथे सुरू होतो.

‘टिमथंब’चे प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. छायाचित्रांचा आकार बदलणारी ही छोटीशी फाइल अनेक थीममध्ये अंतर्भूत होती. बाहेरील चित्रे ती फ्लिकर, ब्लॉगर अशा मोजक्या ठिकाणांहूनच घेई. मात्र ते नाव पत्त्यात कोठेतरी आहे, एवढेच ती तपासत असे. विश्वासू नाव पुढे जोडलेल्या भलत्याच पत्त्यावरून घातक फाइल सर्व्हरवर उतरवता येते, हे ऑगस्ट २०११ मध्ये उघड झाले. दुरुस्ती उपलब्ध झाली, तरी ज्यांनी थीम अपडेट केली नाही वा ती फाइल स्वतः बदलली नाही, त्यांचे दार उघडेच राहिले.

चाइल्ड थीम हा यावरचा उपाय. थीमच्या फोल्डरशेजारी आणखी एक फोल्डर करायचा, त्यात ‘स्टाइल.सीएसएस’ फाइल ठेवायची आणि तिच्या शीर्षभागातील ‘टेम्प्लेट’ या ओळीत मूळ थीमच्या फोल्डरचे नाव लिहायचे. पान दाखवताना वर्डप्रेस आवश्यक ती साचा-फाइल आधी चाइल्ड थीममध्ये शोधते. तेथे नसेल तरच मूळ थीमकडे वळते. अपडेट केवळ मूळ थीमचे होत असल्याने स्वतःचे फेरबदल सुरक्षित राहतात. अर्थात, मूळ थीम काढून टाकता येत नाही.

‘फंक्शन्स.पीएचपी’ ही फाइल मात्र या नियमाला अपवाद आहे आणि नवशिके नेमके तेथेच अडखळतात. ती मूळ फायलीची जागा घेत नाही. दोन्ही चालतात आणि चाइल्ड थीममधली आधी चालते. मूळ फाइल जशीच्या तशी उतरवून घेतली, तर एकच फंक्शन दोनदा घोषित होऊन संकेतस्थळ बंद पडू शकते. साचा-फायलींच्या बाबतीतही हात राखूनच नक्कल करावी. नक्कल केलेल्या फायलीत मूळ थीमकर्त्याने पुढे केलेली दुरुस्ती पोचत नाही.

चाइल्ड थीममधून साचा-फायली बदलण्याची मुभा डिसेंबर २००८ मधील २.७ या आवृत्तीने दिली. थिमॅटिक, हायब्रिड आणि २०१० मध्ये आलेली जेनेसिस या ‘थीम फ्रेमवर्क’ना त्याच सुमारास बहर आला. जेनेसिसमध्ये फ्रेमवर्क हीच मूळ थीम असते. तिचे रूप साधे. रंग, अक्षरे, मांडणी चाइल्ड थीमची. तिच्यात जागोजागी ‘हुक’ ठेवलेले असतात. मथळ्याखाली लेखकाचे नाव हवे असेल, तर संपूर्ण साचा उतरवून न घेता त्या ठिकाणच्या हुकला आपले काही ओळींचे फंक्शन जोडले की पुरते. नकलेचा वर सांगितलेला दोष त्यामुळे बराच टळतो.

जानेवारी २०२२ मधील ५.९ या आवृत्तीने ब्लॉक थीम आणि साइट एडिटर आणल्यापासून चित्र बदलले आहे. एडिटरमधून केलेले बदल डेटाबेसमध्ये साठवले जातात, थीमच्या अपडेटने पुसले जात नाहीत. रंग किंवा ओळींमधील अंतर बदलण्यापुरती चाइल्ड थीम आता आवश्यक नाही; पीएचपीतील फेरबदल करायचे असतील किंवा तीच मांडणी अनेक संकेतस्थळांवर न्यायची असेल, तर तिचा उपयोग अजून होतो.