छायाचित्रांच्या लिप्या

मजकूर मराठीच असला, तरी मोडी न येणाऱ्याला मोडीतले दप्तर मुके वाटते. स्मार्टफोनने टिपलेल्या छायाचित्राचीही अशीच गत होते. फोनमध्ये स्वच्छ दिसणारे चित्र दुसऱ्या यंत्रावर उघडत नाही, तेव्हा ते बिघडलेलेच असते असे नाही. पुष्कळदा ते ज्या साच्यात साठविले गेले, तो साचा त्या यंत्राला वाचता येत नाही, एवढेच.

या साच्यांच्या इतिहासाचा एक धागा बंगळूरपर्यंत जातो. तेथे १९४० साली जन्मलेले नासिर अहमद अमेरिकेतील कॅन्सस राज्य विद्यापीठात अध्यापन करीत होते. १९७२ मध्ये त्यांनी एका गणिती पद्धतीच्या संशोधनासाठी अनुदान मागितले. ते मिळाले नाही. तथापि टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्या सहकार्याने त्यांनी काम तडीस नेले आणि जानेवारी १९७४ मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ ती हीच पद्धती.

१९८६ मध्ये स्थापन झालेल्या एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने तिच्यावर आपला साचा उभारला. १९९२ मध्ये तो प्रमाण ठरला आणि मंडळाच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘जेपेग’ म्हणून ओळखला जाऊ लागला. चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडावयाचे आणि डोळ्यांना सहसा न जाणवणारा बारीक तपशील गाळावयाचा, ही त्याची रीत. त्यामुळे जागा वाचते. मात्र एकदा गाळलेला तपशील परत मिळत नाही.

पुढे २०१५ मध्ये अधिक काटकसरी साचा तयार झाला. सप्टेंबर २०१७ मध्ये अ‍ॅपलने आयओएस ११ बरोबर तो ‘एचईआयसी’ या रूपाने नव्या आयफोनांत आणला. जेपेगच्या सुमारे निम्म्या जागेत तशाच प्रतीचे चित्र त्यात मावते. परंतु त्यातील संकोचनपद्धतीचे स्वामित्वहक्क अनेकांकडे विखुरलेले असल्याने सर्वांनी तो सहजासहजी स्वीकारला नाही.

याची झळ मे २०२० मध्ये विद्यार्थ्यांना बसली. कोविडमुळे अमेरिकेतील ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ परीक्षा घरून द्यावयाच्या होत्या. हस्तलिखित उत्तरांची छायाचित्रे संकेतस्थळावर चढविण्यास पाचच मिनिटे असत, आणि तेथे एचईआयसी चालत नसे. काहींनी घाईघाईने फाईलच्या नावाचा शेवट तेवढा बदलला. पण पाटी बदलल्याने दुकानातला माल बदलत नाही! पुढे ई-मेलने उत्तरे पाठविण्याची सोय झाली. तथापि ज्यांची उत्तरे आधीच अडकली होती, त्यांच्यापुढे जूनमधील फेरपरीक्षेचाच मार्ग उरला. अभ्यास पुरा होता, उत्तरेही लिहिली होती. अडले ते केवळ साच्यापाशी.

नाव बदलणे म्हणजे रूपांतर नव्हे, हा यातील मुख्य बोध होय. खरे रूपांतर योग्य प्रणालीकडून करून घ्यावे लागते. अर्ज, परीक्षा, दाखले अशा कामांपूर्वी आयफोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमधील ‘फॉरमॅट्स’ या सदरात ‘मोस्ट कम्पॅटिबल’ हा पर्याय निवडला, की पुढील छायाचित्रे जेपेगमध्येच उतरतात. जुन्या छायाचित्रांचे रूपांतर करताना मूळ फाईल मात्र जपून ठेवावी. कारण जेपेग पुन्हा पुन्हा बदलून साठविल्यास दर वेळी थोडा तपशील झडण्याचा संभव असतो. मोडीचे बाळबोधीत लिप्यंतर झाले, म्हणून शहाणा माणूस मूळ दप्तर रद्दीत घालीत नाही.