रंगभवनाचे श्रोते

गेल्या पावसाळ्यात आम्ही चार जुने मित्र काशीमीऱ्याला माझ्या घरी जमलो. चौघांची एकत्र भेट वीसहून अधिक वर्षांनी होत होती. एकाने येताना नव्वद मिनिटांची एक कॅसेट आणली होती. धोबी तलावाच्या रंगभवनात, गर्दीत बसून, मांडीवरच्या टेपरेकॉर्डरवर आम्हीच केलेले एका रॉक मैफलीचे ध्वनिमुद्रण तीत होते. वेष्टनावर साल नव्हते. ज्याने ती जपली त्याच्या मते मैफल १९९४ची. दुसरा म्हणाला, "अरे, चौऱ्याण्णवला मी नोकरीनिमित्त बाहेरगावी होतो. ही त्याआधीची." वाद बराच वेळ चालला. शेवटी कॅसेट लावली. खरखरीतून निवेदकाचा आवाज वर आला आणि त्याने बँडचे नाव पुकारले : रॉक मशीन. प्रश्न तिथेच सुटला. या बँडने १९९३ साली 'इंडस क्रीड' हे नवे नाव घेतले. म्हणजे ही कॅसेट त्याआधीचीच असली पाहिजे.

प्रसंग क्षुल्लक आहे. परंतु इतिहासलेखनाची सारी सामग्री त्यात आहे : एक नाशवंत साधन, दोन परस्परविरोधी साक्षी आणि त्यांचा निवाडा करणारा एक अंतर्गत पुरावा. मुंबईच्या रॉक संगीताचा जो इतिहास आज उपलब्ध आहे, त्यात या प्रकारच्या साधनांना आणि ती बाळगणाऱ्या माणसांना जवळजवळ स्थान नाही. ते का नाही, आणि त्यामुळे काय गमावले जाते, याचा विचार करण्याचा हा प्रयत्न आहे.

या संगीताला त्याचे चाहते 'अंडरग्राउंड' म्हणत. मराठीत 'भूमिगत' म्हटले की बेचाळीसची चळवळ आठवते : उषा मेहतांचे गुप्त नभोवाणी केंद्र, साताऱ्याचे प्रतिसरकार. त्या अर्थाने आमच्या संगीतात भूमिगत असे काहीच नव्हते. त्यावर बंदी नव्हती, त्याच्या मागे पोलीस नव्हते. उलट त्याचे मुंबईतले सर्वांत महत्त्वाचे ठिकाण म्हणजे उघड्या आकाशाखालचे एक सरकारी नाट्यगृह. ते भूमिगत होते ते एवढ्याच अर्थाने, की आकाशवाणी, दूरदर्शन, मराठी वृत्तपत्रे आणि घरातली वडीलमंडळी यांच्या लेखी ते अस्तित्वात नव्हते. दडपशाहीने भूमिगत झालेल्यांची निदान पोलीसदप्तरी नोंद राहते. दुर्लक्षाने भूमिगत झालेल्यांची कुठेच राहत नाही.

या परंपरेचा आरंभ आमच्या पिढीच्या बराच आधीचा. १९७० आणि १९७१ साली एका सिगारेट कंपनीने पुरस्कृत केलेल्या 'सिमला बीट' स्पर्धेत देशभरातले बँड उतरले आणि त्यांतील निवडक गाण्यांच्या तबकड्या निघाल्या. १९७१ सालीच लोणावळ्याजवळ मळवलीला 'स्नेहयात्रा' नावाचा संगीतमेळा भरला. १९७२ मध्ये 'लेड झेपलिन'चे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, इथल्या वादकांबरोबर त्यांनी ध्वनिमुद्रण केले आणि कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' या डिस्कोत ते वाजवूनही गेले. हे जग प्रामुख्याने दक्षिण मुंबईचे आणि इंग्रजी बोलणारे होते. पण मराठीशी त्याचा संबंधच नव्हता, असे समजणे चुकीचे ठरेल. आत्माराम आणि आशा भेंडे या नाट्यकर्मी दांपत्याचे चिरंजीव नंदू भेंडे याच जगात गात होते. ॲलेक पदमसी यांच्या १९७४ सालच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये त्यांनी जुडास केला, आणि १९७८ साली ते पु. ल. देशपांडे यांच्या 'तीन पैशाचा तमाशा'त उभे राहिले. ब्रेख्टच्या नाटकाचे हे मराठी रूप जब्बार पटेल यांनी बसवले होते. त्यात नाट्यसंगीत, लोकसंगीत आणि पाश्चात्त्य गायकी एकाच मंचावर नांदल्या. नंदू भेंडे २०१४ साली गेले. मराठी रंगभूमीचा इतिहास त्यांना ओळखतो. मुंबईच्या रॉकचा इतिहासही त्यांना ओळखतो. पण या दोन इतिहासांची एकमेकांशी ओळख नाही.

रंगभवनाचे स्थानही असेच दोन इतिहासांच्या सीमेवरचे आहे. धोबी तलाव हा मुंबईच्या पाश्चात्त्य संगीताचा जुना नाका. वाद्यांचे 'फुर्टाडोज' हे दुकान तिथेच, आणि गोव्याहून आलेल्या वादकांना आसरा देणाऱ्या कूडही तिथेच. १९७८ साली निरंजन झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'जॅझ यात्रा' हा महोत्सव रंगभवनात भरवला, तेव्हा सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स तिथे वाजवून गेले. पुढे १९८६ साली फरहाद वाडिया यांनी 'इंडिपेंडन्स रॉक' सुरू केला. स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास भरणारा हा मेळा 'आय-रॉक' या नावाने रंगभवनाशी कायमचा जोडला गेला. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या रॉक मशीनने १९८८ आणि १९९० साली स्वतःच्या इंग्रजी गाण्यांचे दोन संग्रह काढले. उदय बेनेगल, महेश तिनईकर ही त्यातली नावे वाचून आमच्यासारख्यांना, हे आपल्यालाही जमण्यासारखे आहे, असे प्रथम वाटले. एरवी श्रोत्यांची मागणी विलायती गाण्यांच्या हुबेहूब नकलेची असे. स्वतःचे गाणे म्हणू पाहणाऱ्या वादकांना पहिली लढाई समोरच्या गर्दीशीच लढावी लागे.

या गर्दीविषयी फारसे कोणी लिहिलेले नाही. ती केवळ मलबार हिल आणि वांद्र्याची नव्हती. आम्ही काशीमीऱ्याहून जात असू. काशी आणि मिरे या दोन गावांच्या नावांचा हा जोडशब्द, महामार्ग आणि घोडबंदर रस्ता जिथे मिळतात तिथला. मिरा-भाईंदरला नगरपालिका झाली १९८५ साली आणि महानगरपालिका २००२ साली. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांवर गेली. आमच्या लहानपणी मात्र शेते आणि मिठागरे हाकेच्या अंतरावर होती. इथून धोबी तलावाला जायचे म्हणजे आधी स्थानक गाठायचे, मग चर्चगेटची लोकल, मग मरीन लाइन्सला उतरून चालत. येतानाचा हिशेब अधिक कडक. शेवटची गाडी चुकली तर फलाटावर रात्र. त्यामुळे मुख्य बँडचे शेवटचे गाणे आम्ही क्वचितच पूर्ण ऐकले. त्या कॅसेटवरही गाणे ऐन भरात असताना आवाज एकाएकी तुटतो. निवांतपणे ऐकणाऱ्या माणसाला हा ध्वनिमुद्रणाचा दोष वाटेल. आम्हा चौघांना ठाऊक आहे, की ती विरार लोकलची वेळ आहे.

संगीत आमच्यापर्यंत पोहोचायचे ते कॅसेटींमधून. काळ्या घोड्याच्या 'ऱ्हिदम हाऊस'मधली मूळ कॅसेट विकत घेणे एखाद्यालाच परवडे. तिच्यावरून प्रत, प्रतीवरून प्रत, असा प्रवास होत होत काशीमीऱ्याला येईपर्यंत गाण्यापेक्षा खरखर जास्त झालेली असे. गाण्यांची नावे वहीच्या कागदावर उतरवलेली असत, तीही ऐकीव. मराठी साहित्याच्या वाचकाला या व्यवहारात एक ओळखीची गोष्ट दिसेल. साठच्या दशकातील लघुनियतकालिकांचा प्रसार असाच झाला. तिथेही साधने स्वस्त होती, प्रती थोड्या होत्या, त्या हातोहात फिरत आणि प्रत्येक वाचक पुढच्या वाचकाचा वितरक असे. या दोन जगांना जोडणारा माणूसही होता. अरुण कोलटकरांनी अर्जुन शेजवळ यांच्याकडे पखवाज शिकला, अमेरिकी ब्लूज आणि रॉक मनापासून ऐकले, इंग्रजीत गाणी लिहिली. पण लघुनियतकालिकांचे पुढे संशोधन झाले, त्यांच्या सूची झाल्या, त्यांवर प्रबंध लिहिले गेले. कॅसेटींचे तसे काही झाले नाही. कागद पिवळा पडला तरी वाचता येतो. चुंबकीय फितीला बुरशी लागली की ती मुकी होते.

रंगभवन बंद कसे झाले, ही कहाणीही सरळ नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरू लागला. रंगभवनाच्या शेजारी सेंट झेवियर्स महाविद्यालय आणि कामा रुग्णालय. त्यानंतरच्या काही वर्षांतच तिथले संगीत थांबले. आम्ही त्यावेळी फार संतापलो होतो. आज वाटते, की कामा रुग्णालयातल्या बाळंतिणीची बाजूही बाजूच होती, आणि ती मांडायला ती रंगभवनात येऊ शकत नव्हती. खंत वेगळीच आहे. शहराने एक जागा नियमानुसार काढून घेतली, पण तिच्या मोबदल्यात तितकी मध्यवर्ती, तितकी स्वस्त आणि उपनगरातल्या मुलाला लोकलने गाठता येईल अशी दुसरी जागा दिली नाही. आय-रॉक पुढे अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर गेला, २०१३ नंतर थांबला आणि २०२२ साली पुन्हा भरला. मेळा हलवता येतो. त्या जागेभोवती जमलेली, एकमेकांची नावेही पुरती ठाऊक नसलेली माणसे हलवता येत नाहीत. ती पांगतात.

गेल्या काही वर्षांत या काळाकडे पुन्हा लक्ष वळले आहे. सत्तरच्या दशकातील 'ॲटॉमिक फॉरेस्ट' या मुंबईच्या बँडचे ध्वनिमुद्रण २०११ साली एका अमेरिकी कंपनीने पुन्हा प्रसिद्ध केले. इंडस क्रीड २०१० साली पुन्हा एकत्र आला. सिद्धार्थ भाटिया यांचे त्या पिढीवरील इंग्रजी पुस्तक २०१४ साली निघाले. हे सारे स्वागतार्ह आहे. तथापि यांतून उभा राहतो तो वादकांचा, आयोजकांचा आणि तबकड्यांचा इतिहास, म्हणजे ज्यांनी काही निर्माण केले त्यांचा. ज्यांनी केवळ ऐकले त्यांचा नव्हे. आणि भूमिगत संगीताच्या बाबतीत हा फरक मूलभूत आहे. ज्या संगीताची तबकडी निघत नाही, जे नभोवाणीवर लागत नाही, ते श्रोत्याच्या स्मरणाबाहेर कुठे असणार? तिथे श्रोता हाच दस्तऐवज असतो. तो एकटा असेल तर त्याची आठवण ही निव्वळ दंतकथा. चौघे एकत्र बसले, भांडले, एकमेकांना खोडून काढू लागले, की तिला साक्षीचे मोल येते.

साक्षीची किंमतही कधीकधी मोजावी लागते. त्या संध्याकाळी कॅसेट संपत आली, गाणे तुटले, आणि थोड्या शांततेनंतर अगदी वेगळाच आवाज सुरू झाला. टाळ, पखवाज आणि काही पुरुषांचे एकत्र गाणे. मित्र माझ्याकडे पाहू लागले. कोरी कॅसेट घ्यायला त्या दिवशी पैसे नव्हते, म्हणून मी घरातली एक उचलून नेली होती, हे मी विसरून गेलो होतो. आमच्या गावच्या भजनी मंडळाचे ध्वनिमुद्रण तिच्यावर होते. त्या मंडळात वडील गात. रॉक मशीनखाली ते सगळे पुसले गेले होते. उरला होता तो शेवटचा अर्धाएक मिनिट, तोही आम्ही गाडीसाठी लवकर उठलो म्हणून. वडिलांचा आवाज त्यात वेगळा ओळखू येत नाही. ते जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्यांनी मला कधी त्या कॅसेटविषयी विचारले नव्हते.

भजनी मंडळाच्या त्या गाण्याचीही कुठे नोंद नव्हती. त्याचीही तबकडी निघाली नव्हती, तेही नभोवाणीवर कधी लागले नव्हते. भूमिगत संगीत म्हणून आम्ही ज्याच्या मागे लोकलने दीड तास जात होतो, त्याच अर्थाचे भूमिगत संगीत घराच्या ओटीवर चालू होते आणि त्याचे श्रोते आम्ही झालो नाही. आता त्या मंडळातल्या हयात माणसांना गाठून ही कॅसेट ऐकवायचे ठरवले आहे. कदाचित त्यांच्यातही सालावरून वाद होईल.