दोघांची दिवाळी

यंदा दिवाळीला घरी आम्ही दोघंच. चकल्या मोजून वीस. दिवाळी अंक मात्र ठरल्याप्रमाणे दोन आणले.

ही प्रथा १९०९ ची. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ साली 'मनोरंजन' मासिक सुरू केलं होतं. त्याचा १९०९ चा दिवाळी अंक मराठीतला पहिला मानतात. इंग्रजी नाताळ अंक पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असं सांगतात. फराळासोबत वाचन तेव्हापासून घरोघरी रुजलं.

हिला आता बारीक अक्षर दिसत नाही. म्हणून मी मोठ्याने वाचतो, ही ऐकते. वर्गात जन्मभर वाचून दाखवलं, घरात कधीच नाही. काल म्हणाली, "पस्तीस वर्षं आधी अंक तुम्ही संपवायचात, मग माझ्या हाती यायचा. यंदा पहिल्यांदा बरोबर वाचतोय."

उत्तर सुचेना. पान उलटलं.