आनंद पटवर्धन : कॅमेऱ्यापासून कोर्टापर्यंत

आनंद पटवर्धन हे मुंबईचे माहितीपटकार. जन्म १८ फेब्रुवारी १९५०. एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी घेतल्यावर ते अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठात समाजशास्त्र शिकले. भारतात परतल्यावर बिहारमधल्या जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनावर त्यांनी पहिली महत्त्वाची फिल्म बनवली. आणीबाणीत ती लपूनछपून दाखवावी लागली.

१९८५ च्या ‘हमारा शहर’मध्ये मुंबईतल्या झोपड्या तोडल्या जाताना दिसतात आणि ज्यांची घरं जातात तेच लोक बोलतात. या फिल्मला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

बाबरी मशीद पडण्याआधी चित्रित झालेली ‘राम के नाम’ (१९९२) आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. १९९० ची रथयात्रा, अयोध्येचे हिंदू-मुस्लिम रहिवासी आणि द्वेषाच्या राजकारणाला उघड विरोध करणारे पुजारी लालदास तिच्यात भेटतात. १९९३ मध्ये लालदास यांची हत्या झाली. फिल्मला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तरी दूरदर्शन ती दाखवायला तयार नव्हतं. पटवर्धन मुंबई उच्च न्यायालयात गेले, जिंकले, आणि १९९७ मध्ये ती देशभर दिसली.

हे एकदाच घडलं नाही. अणुचाचण्यांनंतरच्या ‘जंग और अमन’मध्ये सेन्सॉर बोर्डाने काटछाट सुचवली, २००३ मध्ये उच्च न्यायालयाने ती नामंजूर केली. ‘पितृ, पुत्र और धर्मयुद्ध’साठी लढाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २००६ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला.

१९९७ मध्ये घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलीस गोळीबारात दहा जण मेले. त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. तिथून सुरू झालेली ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण व्हायला १४ वर्षं लागली. २०११ मध्ये ती आली. पुढे ‘विवेक’ (२०१८) आणि आपल्याच आईवडिलांच्या आठवणींवरची ‘वसुधैव कुटुंबकम’ (२०२३) आल्या.

पटवर्धन यांची खासियत आम्हाला दोन गोष्टींत दिसते. एक, ज्याच्यावर बेतते त्यालाच ते बोलू देतात. दुसरी, फिल्म बनली की काम संपलं असं ते मानत नाहीत. ती लोकांनी पाहावी यासाठी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढतात. अन्याय झाला की आपण हळहळतो आणि गप्प बसतो. कागद जपणं, नोंद ठेवणं, कायद्याने हक मागणं हाही एक रस्ता आहे, आणि तो चालून पोहोचता येतं. मोठ्या मुलांसोबत ‘राम के नाम’ जरूर पाहा, आणि पाहून झाल्यावर त्यांना प्रश्न विचारू द्या.