शेवट कापलेला व्हिडिओ

मंडळी, पुण्याबद्दल बोलण्याआधी आपण जरा धुळे जिल्ह्यात जाऊ. १ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा बाजाराचा दिवस. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मारून टाकलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, ही अफवा मोबाइलवरून आधीच पसरलेली होती.

त्याच सुमारास देशभर एक व्हिडिओ फिरत होता. मोटारसायकलवरून दोघं येतात, रस्त्यावरचं पोर उचलतात, पसार होतात. मुळात ही फिल्म कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी केली होती. तिच्या शेवटी ते दोघं मूल परत आणून सोडतात आणि संदेशाची पाटी दाखवतात. लोकांकडे पोचलेल्या तुकड्यात नेमका तेवढाच शेवट नव्हता.

कात्रीने अर्थ बदलतो, हे पुण्यात फार आधीपासून शिकवलं जातंय. प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट आली, १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. इन्स्टिट्यूटमध्ये प्रा. सतीश बहादूर रसास्वाद शिकवत. ‘पथेर पांचाली’ घ्यायचा आणि एकेक शॉट सुटा करून बघायचा. शॉट इथेच का तोडला? आधी काय होतं, नंतर काय आलं? संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी जमवलेले चित्रपट हाताशी होते. रसास्वादाच्या वर्गांना शिक्षक, पत्रकार, फिल्म सोसायटीवाले असे सगळे यायचे. एकाला दिसलेलं दुसऱ्याच्या नजरेतून सुटलेलं असायचं, त्यावरून वाद व्हायचे.

शहरी चोचले म्हणाल, तर कर्नाटकातल्या हेग्गोडूत के. व्ही. सुब्बण्णांच्या नीनासमने सत्तरच्या दशकात हेच खेड्यात नेलं. बहादूर आणि नायर यांची त्याला साथ होती.

आज थांबवायचं, मागे घ्यायचं बटण प्रत्येकाच्या खिशात आहे. शेजारी विचारणारं माणूस मात्र नाही. पण नुसतं एकत्र बसूनही भागत नाही बरं का. राईनपाड्यातही माणसं एकत्रच होती. म्हणून आम्ही कॉलेजच्या मुलांना सांगतो, चौघं बसा, व्हिडिओ एकदा आवाज बंद करून बघा. काय दिसलं ते आधी प्रत्येकाने आपापल्या कागदावर लिहा, एकमेकांचं न बघता. मग कागद शेजारी ठेवा. नाहीतर ज्याचा आवाज मोठा, त्याचंच सगळ्यांना दिसायला लागतं. आणि एक प्रश्न सगळ्यांनीच लिहायचा: पुढच्या मिनिटाला काय झालं असेल, आणि ते आपल्याला का दाखवलेलं नाही?